मामाच्या ट्रंकेतले ‘ग्राफिस’ : तुटलेला संच पूर्ण करावा का?

अनुस्वार
नमस्कार मंडळी. माझा मामा गेल्या फाल्गुनात गेला. जेजेत कमर्शियल आर्ट शिकला आणि फोर्टातल्या एका जाहिरात एजन्सीत निवृत्त होईपर्यंत होता. गोरेगावची त्याची जागा रिकामी करताना माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक उतरवली. वर जुन्या धोतराची घडी आणि खाली सगळी मासिकं. ‘ग्राफिस’ या स्विस ग्राफिक डिझाइन मासिकाचे ४३ अंक आहेत, १९५६ पासून १९६६ च्या मध्यापर्यंतचे. ‘नॉये ग्राफिक’चे तीन, ‘गेब्राउख्सग्राफिक’चे सहा आणि ‘टायपोग्राफिका’चा एक.

मी स्वतः भाषांतराचं काम करते, चित्रकलेतलं फारसं कळत नाही. पण रात्री जेवण झाल्यावर एक अंक उघडते आणि अकरा कधी वाजतात कळत नाही. ग्राफिसमध्ये जर्मन, इंग्रजी आणि फ्रेंच असा तिन्ही भाषांत मजकूर आहे, त्यामुळे माझी तर चंगळ.

अडचण अशी की बऱ्याच अंकांतली पानं ब्लेडने कापून काढलेली आहेत. काड्यापेट्यांच्या लेबलांवरचा एक सुंदर लेख वाचत होते. पान उलटलं तर पुढचं पान नाही, शिवणीजवळ फक्त बोटभर पट्टी उरलेली. वाक्य अर्ध्यावर तुटलं.

माझे प्रश्न : १) मधले वीसेक अंक गायब आहेत, ते शोधून संच पूर्ण करावा का? २) कापलेल्या अंकांच्या जागी धड प्रती घ्याव्यात का? ३) मी पुण्यात राहते, पण ट्रंक अजून मुंबईत आहे आणि पावसाळा तोंडावर आलाय. काय करू?

पिंपळपान
फोटो! फोटो! फोटो!

फाउंटनचा_फुटपाथ
अनुस्वार, आधी तिसरा प्रश्न, कारण तो पहिल्या दोन्हींपेक्षा तातडीचा आहे. ट्रंक आजच्या आज जमिनीवरून उचला.

माझ्याकडे ग्राफिसचे सत्तर-ऐंशी अंक होते. पंचवीस वर्षं फाउंटनच्या फुटपाथवर, किंग्ज सर्कलला, दिल्लीला गेलो की दर्यागंजच्या रविवारच्या बाजारात एकेक करून जमवलेले. २६ जुलै २००५ ला कलिन्यात तळमजल्यावर राहत होतो. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. घरात कमरेएवढं पाणी. पुस्तकं भिजली ती नंतर वाळवली, वेडीवाकडी झाली तरी वाचता येतात. ग्राफिस मात्र आर्ट पेपरवर छापलेलं. त्या कागदावर जो गुळगुळीत लेप असतो तो भिजला की पानं एकमेकांना चिकटतात आणि वाळली की वीट होते. सुरीने सोडवायला गेलो तर चित्र या पानावरून त्या पानावर निघून येतं. अशा चाळीस विटा मी स्वतःच्या हाताने रद्दीत दिल्या. आजही त्याबद्दल लिहिताना घशाशी येतं.

पूर नको, नुसती मुंबईची दमट हवासुद्धा हे काम हळूहळू करते. म्हणून म्हणतो, उचला.

अनुस्वार
वाचून पोटात गोळा आला. भावाला फोन केला, ट्रंक पलंगावर चढली आहे. शनिवारी गाडी घेऊन जाते आणि घेऊन येते.

कुंदकळी
मी एका संग्रहालयात कागदाच्या जतनाचं काम करते, म्हणून थोडं लिहिते.

डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. त्यांचा वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही आणि वाचणाऱ्याच्या छातीलाही त्या बऱ्या नव्हेत. ट्रंकेला आतून गंज असेल तर अंक लगेच बाहेर काढा. टाचणीच्या शिवणीचे अंक असतील तर तिथेही गंज बघा. तारेभोवती तपकिरी वर्तुळ दिसलं तर तार हळूच सरळ करून काढता येते आणि तिथे दोरा घालता येतो. पण हे घाईने करू नका, शिकलेल्या माणसाकडून करून घ्या.

कसर लागली आहे का? चंदेरी किडे दिसले किंवा पानाचा वरचा थर खरवडल्यासारखा दिसला तर ती कसर. तिला कागदावरची खळ आवडते. अंक पुठ्ठ्याच्या आम्लरहित खोक्यात आडवे ठेवा, एकावर एक आठ-दहाच. प्लॅस्टिक वापरायचंच तर पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिएस्टरचं. बाजारात मिळणाऱ्या मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या छपाईच्या शाईला चिकटतात. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको. पुण्याची हवा मुंबईपेक्षा नक्कीच बरी, तरी जुलै-ऑगस्टमध्ये महिन्यातून एकदा अंक उघडून चाळा. चाळलेला अंक जास्त टिकतो, हा माझा अनुभव आहे.

अ_ब_चौक
वेखंड चालेल का? आमच्या आजीच्या पोथ्यांत वेखंडाच्या पुरचुंड्या असत.

कुंदकळी
चालेल, पण पुरचुंडी कागदाला टेकू देऊ नका. खोक्याच्या कोपऱ्यात ठेवा.

गारगोटी
एक विचारू का? कुणाचं मन दुखवायचं नाही, पण मला खरंच समजून घ्यायचं आहे. या बहुतेक मासिकांची पानं आज पडद्यावर बघायला मिळतात. ‘नॉये ग्राफिक’चा तर सगळा संच २०१४ साली लार्स म्युलर प्रकाशनाने जसाच्या तसा पुन्हा छापला. मग साठ वर्षांपूर्वीच्या कसर लागलेल्या कागदासाठी एवढी धावपळ का? जागा मुंबई-पुण्यात सोन्याच्या भावाने मिळते.

खिळेजुळारी
गारगोटी, प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा लांबेल.

माझ्या वडिलांचा कोल्हापुरात छापखाना होता. छपाईची यंत्रं म्हणजे दोन ट्रेडल, एक सिलिंडर; शिवाय खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, केसेस. लग्नपत्रिका, हँडबिलं, सहकारी संस्थांचे अहवाल. चित्रांचे ब्लॉक, म्हणजे छापायचे धातूचे साचे, करून आले की वडील पहिला ठसा काढायचे आणि दारात उजेडात उभं राहून भिंगातून बघायचे. मी लहान होतो, मलाही दाखवायचे. ठिपके गोल आहेत का, काळ्यात काळे बुडालेत का, शाई कडेला दाटली आहे का. चित्र कशाचं आहे हे ते सगळ्यात शेवटी बघत.

पडद्यावर हे काहीच राहत नाही. छापील चित्र स्कॅन केलं की ठिपक्यांची आणि स्कॅनरची गाठ पडून जाळी उठते. ती घालवायला चित्र धूसर करतात. आणि लाल हा नेहमी चार रंगांतून केलेला लाल नसतो, कधी कधी लालची वेगळी शाई मिसळून पाचव्यांदा छापलेला असतो. पडदा ते दाखवू शकत नाही. ‘टायपोग्राफिका’ हातात घ्या. हर्बर्ट स्पेन्सरने १९४९ साली, पंचविशीत, ते लंडनमध्ये सुरू केलं. १९६७ पर्यंत सोळा अधिक सोळा असे बत्तीस अंक निघाले. एकाच अंकात गुळगुळीत कागद, मध्येच खरबरीत रंगीत कागद, मध्येच उलगडणारं पान. लुंड हम्फ्रीज हे प्रकाशकही होते आणि मुद्रकही, म्हणून हे लाड परवडले. ते मासिक छपाईबद्दल बोलतं आणि त्याच वेळी स्वतः छपाई करून दाखवतं. त्याचं स्कॅन म्हणजे पुरणपोळीचा फोटो.

गारगोटी
पुरणपोळीच्या फोटोपुरतं मान्य. बाकीवर विचार करतो.

लिमातकाठची
झुरिकहून सलाम. अहो, हा धागा वाचून मला भरून आलं, कारण तुम्ही ज्या मासिकांबद्दल बोलताय त्यातली दोन माझ्या गावची.

‘ग्राफिस’ इथे १९४४ साली सुरू झालं, वॉल्टर हेर्डेग आणि वॉल्टर आम्स्टुट्झ या दोघांनी. युरोपभर युद्ध पेटलेलं, चारी बाजूंच्या सीमा बंद, आणि या दोघांनी तीन भाषांतलं, जगभरच्या जाहिरातकलेचं मासिक काढलं! हेर्डेगने ते १९८६ पर्यंत, २४६ अंक, स्वतः संपादित केलं. मग ते विकलं गेलं आणि न्यूयॉर्कला गेलं.

‘नॉये ग्राफिक’ अगदी वेगळं. १९५८ ते १९६५, शेवटचा जोड अंक १७/१८. संपादक चौघे : लोझे, म्युलर-ब्रॉकमान, नॉयबुर्ग आणि व्हिव्हारेल्ली. चौघांच्या आद्याक्षरांवरून खाली सही एलएमएनव्ही. मुखपृष्ठावर चित्र नाहीच, फक्त अक्षरं आणि रकाने. ग्राफिसमध्ये हेर्डेग सगळ्यांना घरी बोलवायचा, पोलिश पोस्टरवालेसुद्धा, अमेरिकन विनोदी चित्रकारसुद्धा. नॉये ग्राफिकमध्ये दारावर चौघे उभे, ग्रिडमध्ये, म्हणजे पानाच्या आखलेल्या चौकटीत, बसत असाल तर आत या! मला दोन्ही आवडतात, पण राहायला जायचं झालं तर मी ग्राफिसच्या घरी जाईन.

अनुस्वार, इथल्या कला विद्यापीठाचं ग्रंथालय टोनी-आरेआलमध्ये आहे, पूर्वीच्या दुधाच्या कारखान्यात. माझ्या घरापासून ट्रामने वीस मिनिटं. काही बघून हवं असेल तर नक्की सांग.

फाउंटनचा_फुटपाथ
नॉये ग्राफिकच्या बाबतीत असहमत. दारावर चौघे उभे होते म्हणूनच अठरा अंकांत एकही शब्द वाया गेला नाही. ग्राफिस चाळता येतं, नॉये ग्राफिक अभ्यासावं लागतं. संग्राहकाने एक निवडावं म्हटलं तर मी डोळे मिटून दुसरं घेईन.

पिंपळपान
काका, डोळे मिटून ग्रिड कशी दिसणार? :)

टोकियोकर
इकडच्या ‘आयडिया’चाही उल्लेख व्हावा म्हणून लिहितो. १९५३ पासून सेइबुंदो शिंकोशा हे प्रकाशन काढतं, पहिले संपादक हिरोशी ओची. १९६० साली तोक्योत जागतिक डिझाइन परिषद झाली, त्याच्या आगेमागेचे अंक जिम्बोचोच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत कधी कधी दिसतात. दुकानदार अंक पातळ पारदर्शक कागदात गुंडाळून देतो आणि गाठ मारताना असा हात फिरवतो की वाटतं, बाळ दुपट्यात गुंडाळतोय.

जपानी लिपी उभी आणि आडवी दोन्हीकडे चालते. त्यामुळे ग्रिडची स्विस पद्धत तशीच उचलणं त्यांना शक्य नव्हतं, त्यांनी ती मोडून स्वतःची केली. देवनागरीत असं कुणी केलं का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

शब्दवेडी
अवांतर : आपल्याकडे डिझाइनचं स्वतंत्र मासिक नसेल, पण दिवाळी अंक होते की! दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला. माझ्या माहेरी त्याचे अंक बांधून ठेवले होते. मुखपृष्ठ बघायला शेजारच्या बायका यायच्या. माझ्या मते मराठी माणसाचं ग्राफिस म्हणजे दलाल आणि मुळगावकर.

फाउंटनचा_फुटपाथ
ताई, दलाल माझेही लाडके आहेत, पण ते चित्र आहे. डिझाइन म्हणजे अक्षर, जागा आणि चित्र यांचा हिशोब. गल्लत नको.

शब्दवेडी
दलालांच्या मुखपृष्ठावर अंकाचं नाव कुठे बसवलंय, बाईच्या नजरेच्या रेषेत ते कसं येतं, हे बघितलंय का तुम्ही नीट? हिशोबच आहे तो. फक्त मोजपट्टी दिसत नाही.

खिळेजुळारी
शब्दवेडीताईंशी सहमत. शिवाय ती मुखपृष्ठं छापणं हे ब्लॉक करणाऱ्यांची परीक्षा बघणारं काम होतं. गालावरची गुलाबी छटा चार ठशांत नेमकी पकडायची. ठसा केसभर सरकला तर बाईला दोन ओठ.

डिझाइनच्या मासिकांचं म्हणाल तर इंग्रजीत होती. मुंबईतून ‘मार्ग’ १९४६ पासून, मुल्कराज आनंदांचं, कला आणि वास्तुकलेचं. पतवंतसिंगांचं ‘डिझाइन’ १९५७ पासून. शिवाय मुंबईत १९४८ साली कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्ड, म्हणजे कॅग, स्थापन झालं. जुन्या बाजारात कॅगचं काही छापील दिसलं तर ते सोडू नका. बाहेरच्या कुठल्याही मासिकापेक्षा ते दुर्मीळ आहे, कारण ते जपावं असं कुणाला वाटलंच नाही.

रुलिंगपेन
मी या संस्थळावर वाचतो जास्त, लिहितो कमी. वय ७९. अनुस्वार, तुझ्या मामाच्या पिढीच्या मागोमागचा मी. १९६१ साली जेजेतला उपयोजित कलेचा विभाग स्वतंत्र संस्था झाला, त्यानंतर काही वर्षांनी मी तिथे शिकलो. फोर्टातच नोकरी केली.

कापलेल्या पानांबद्दल सांगतो, कारण इथे कुणी ते नासधूस म्हणून धरू नये. एजन्सीत ग्राफिसचा एक अंक यायचा. तो आधी आर्ट डायरेक्टरच्या टेबलावर महिनाभर, मग सीनियर लोकांकडे, आणि शेवटी आमच्या स्टुडिओत. तोवर त्याच्या कडा मऊ झालेल्या असत. प्रत्येकाची एक रेफरन्स फाइल असे. जुना अंक ऑफिसने काढून टाकला की तो ज्याच्या वाट्याला येई तो त्यातलं हवं ते पान ब्लेडने काढून रबर सोल्यूशनने फाइलमध्ये चिकटवी. पॅकेजिंग वेगळं, बोधचिन्हं वेगळी, अक्षरं वेगळी. झेरॉक्स नव्हतं. फोटोस्टॅट महाग. ब्लेड हेच आमचं झेरॉक्स.

आम्ही चहाच्या वेळी ती मासिकं वाचत नव्हतो, गिळत होतो. इंग्रजी बेताचं, जर्मन शून्य. पण जागा कशी सोडली आहे हे कळायला भाषा लागत नाही. एखाद्या बासेलच्या औषध कंपनीच्या जाहिरातीत पान तीन चतुर्थांश रिकामं असे. आमचा क्लायंट रिकामी जागा दिसली की म्हणे, इथे किमतीचा चौकोन टाका, दिवाळी ऑफर टाका, दुकानांचे पत्ते टाका. रोज संध्याकाळी ती रिकामी जागा हरायची. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा सोडायचो.

मामाच्या अंकांत कुठली पानं गेली आहेत ते बघ. ती फाइल घरात कुठेतरी असेल. कमर्शियल आर्टिस्ट फाइल टाकत नाही.

अनुस्वार
रुलिंगपेनकाका, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, “दादा रिकाम्या जागेवरून साहेबांशी भांडून यायचा आणि जेवायचा नाही.” मला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

शनिवारी फाइल शोधते.

गारगोटी
मी मुकाट्याने वाचतोय. लिहीत राहा सगळे.

अ_ब_चौक
एक बारीकशी शंका. ग्राफिस १९६६ च्या मध्यालाच का थांबलं असेल? मामा तर पुढेही नोकरीत होते ना?

अनुस्वार
होते, आणखी तीस वर्षं. नॉये ग्राफिक १९६५ ला बंदच झालं, ते समजलं. ग्राफिसचं मात्र मलाही कोडं आहे.

खिळेजुळारी
६ जून १९६६. रुपयाचं अवमूल्यन. आदल्या दिवशी डॉलर पावणेपाच रुपयांच्या आसपास, ४.७६, दुसऱ्या दिवशी साडेसात. स्विस फ्रँक त्या काळी डॉलरशी बांधलेला, म्हणजे तोही त्याच पटीत चढला. शंभर रुपयांची वर्गणी एका रात्रीत एकशे सत्तावन्न. कागद आणि शाईचे भाव कसे वर गेले ते वडील शेवटपर्यंत सांगत. एजन्सीने पहिली काट मासिकांवर मारली असणार. माझा तर्क आहे, पण पैज लावायला तयार आहे.

रुलिंगपेन
मी जेजेत होतो तेव्हा ग्रंथालयातही परदेशी मासिकांच्या मांडणीवर काही खणांत जुनेच अंक राहिले होते. कारण कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आज कळतंय.

टोकियोकर
बाप रे. मासिकांच्या ढिगाऱ्यात अर्थसंकल्प.

अनुस्वार
(चार दिवसांनी) मंडळी, फाइल सापडली!!

ट्रंकेत नव्हती. आईच्या जुन्या पाटाखाली, वर्तमानपत्रात बांधून. काळ्या पुठ्ठ्याची, नाडीची. आत ६२ पानं. बहुतेक ग्राफिसमधून कापलेली, तपकिरी कागदावर चिकटवलेली. चिकटवलेल्या जागी मागून पिवळे-तपकिरी डाग आलेत. काही पानांचा डिंक पार वाळून गेलाय आणि ती आपोआप सुटली आहेत.

सुटलेल्या पानांत काड्यापेट्यांचं पान होतं! अंक शेजारी ठेवून बघितलं. ब्लेड खालच्या टोकाला किंचित डावीकडे गेलं होतं, तो तिरकेपणासुद्धा पट्टीला तंतोतंत जुळला. पण मागच्या बाजूला, जिथे माझं वाक्य पुढे जायचं, तिथे नेमका तपकिरी डाग. चार ओळी वाचता येत नाहीत.

आता खरी गोष्ट. प्रत्येक चार-पाच पानांमागे एक ट्रेसिंग पेपर आहे. एकावर खाली स्विस लेबलाचं पान आणि वर मामाची पेन्सिल. केसांच्या तेलाच्या डब्याचं लेबल असावं, मराठीत. त्याने मूळ पानावरच्या आडव्या रेषा तशाच उतरवल्यात, पण प्रत्येक ओळीजवळ खालची रेघ खोडून वर काढली आहे. सगळी अक्षरं वरून टांगलेली. समासात बारीक अक्षरात लिहिलंय : “त्यांची ओळ बसते. आपली लोंबते. मोजायला वरून सुरुवात.”

मला एवढंच दिसलं. याचा अर्थ जाणकारांनी सांगावा.

रुलिंगपेन
पोरी, मी हे तीनदा वाचलं.

रोमन अक्षर तळरेषेवर उभं असतं, म्हणून स्विस ग्रिडमध्ये ओळ खालून मोजतात. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली. वर वेलांट्या, मात्रा, रफार. खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. रोमन ग्रिडमध्ये ती कोंबली की वरची वेलांटी आधीच्या ओळीच्या उकाराला धडकते. आम्ही सगळे दोन ओळींत अंतर वाढवून वेळ मारून न्यायचो. मग पान ढिसाळ दिसायचं. तुझ्या मामाने ग्रिडच उलटी केली, शिरोरेषा हीच मोजणीची रेघ धरली. पुढे अहमदाबादला एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, जिथे १९६५ साली स्विस डिझाइनर आर्मिन हॉफमान शिकवून गेला, आणि इथे मुंबईत अक्षरकार र. कृ. जोशींसारख्या लोकांनी लिपीचा पद्धतशीर विचार केला. पण फोर्टातला एक नोकरदार माणूस तेलाच्या डब्यासाठी रात्री बसून हे एकटा करत होता.

ट्रेसिंगवर तारीख आहे का?

अनुस्वार
एकावर आहे. मार्च १९६३.

टोकियोकर
वर मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पाटाखाली होतं तर.

फाउंटनचा_फुटपाथ
अनुस्वार, माझं मत : सुटलेली पानं अंकात परत बसवा. जपानी कागदाची पट्टी लावून नीट बसतात. मग अंक पूर्ण होतो आणि संग्रहाला वजन येतं. न सुटलेली पानं कुंदकळीताईंकडून सोडवून घ्या.

कुंदकळी
मी स्पष्ट नाही म्हणेन. ग्राफिसच्या धड प्रती जगातल्या अनेक ग्रंथालयांत आहेत. ही फाइल जगात एकच आहे. पान कुठल्या ट्रेसिंगच्या खाली होतं, कशाच्या शेजारी होतं, हा तिचा खरा मजकूर. तो क्रम मोडला की साठ सुटी पानं उरतील. आधी जशीच्या तशी प्रत्येक पानाची छायाचित्रं घ्या, पेन्सिलने बारीक क्रमांक घाला, मध्ये आम्लरहित पातळ कागद ठेवा. डाग घालवायच्या फंदात पडू नका, रबर सोल्यूशनचा डाग कागदात उतरलेला असतो. अंकाच्या पट्टीत हवी तर छायाप्रत सुटी ठेवा.

फाउंटनचा_फुटपाथ
रात्रभर विचार केला. माझं म्हणणं मागे घेतो. माझ्या चाळीस विटांऐवजी माझ्याकडे अशी एक फाइल असती तर मी बाकी सगळं पाण्यात सोडून तीच डोक्यावर घेऊन निघालो असतो.

लिमातकाठची
आज दुपारी टोनी-आरेआलला जाऊन आले. ग्रंथपाल बाईंनी तो खंड आणून दिला, बांधलेला, कोरा करकरीत. साठ वर्षांत दहा जणांनीही उघडला नसेल. काड्यापेट्यांचं पान, मागची बाजू, डागाखालच्या चारही ओळी स्वच्छ. फोटो व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवला आहे. बाईंना मामांच्या ट्रेसिंगचा तुझा फोटो दाखवला. त्या बराच वेळ बघत होत्या आणि मग विचारलं, ही वरची रेघ ते आधी काढतात की नंतर?

शब्दवेडी
सुरेख प्रश्न! शाळेत आम्हाला आधी अक्षर आणि शेवटी रेघ शिकवली.

खिळेजुळारी
जुळाऱ्याला हा प्रश्नच नाही. खिळ्यावर रेघ अक्षरासकट ओतलेली असते. ती शेजारच्या खिळ्याच्या रेघेला जुळली पाहिजे, नाहीतर शब्द दातेरी दिसतो.

गारगोटी
एवढ्या दिवसांनी लिहितोय. वडिलांचं एक कपाट मी बारा वर्षं उघडलेलं नाही. ते इंजिनिअर होते, त्यात जुनी तांत्रिक मासिकं आहेत. गेल्या रविवारी भंगारवाला बोलावला होता. त्याला फोन करून नको म्हटलं. आधी उघडून बघतो.

अनुस्वार
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नांवर येते.

लिमातकाठची, चार ओळी मिळाल्या, लेख वाचून पूर्ण केला. छायाप्रत अंकात ठेवली आहे, मूळ पान फाइलमध्ये.

संच पूर्ण करणार नाही. मधले अंक नाहीत ते मामाच्या वाट्याला आले नाहीत म्हणून नाहीत, आणि १९६६ ला तो थांबतो त्याचं कारण आता मला माहीत आहे. तिथे नवीन अंक आणून ठेवले तर ते माझे होतील, त्याचे नाहीत. पैसे साठवून एकच घेणार आहे : कॅगचं काही मिळालं तर. फाउंटनकाका, नजर ठेवा.

ओळखीतली एक मुलगी उपयोजित कला शिकते. गेल्या रविवारी ती येऊन सहा तास बसली. जेवायलाही उठली नाही. तिने ट्रेसिंगवर दुसरा ट्रेसिंग ठेवून मामाच्या रेघा उतरवून घेतल्या. तिच्याकडे ब्लेड नव्हतं, मोबाइल होता, तरी तिने पेन्सिलच घेतली. पुढच्या शनिवारी वर्गातल्या तिघांना घेऊन येते म्हणाली आहे. रुलिंगपेनकाका, तुम्ही पुण्यातच ना? याल का? तुम्हाला जे दिसेल ते आम्हाला कुणालाच दिसणार नाही. येताना भिंग आणा, मामाचं फुटलंय.

रुलिंगपेन
येतो. दहापटीचं आहे, जुनं, पितळी. आणि मुलांना सांग, येताना प्रत्येकाने एक मराठी लेबल आणा, कुठल्याही डब्याचं. नुसतं बघून भागणार नाही.